लिज्जत: नाव कसं आलं, कुणाचं झालं

गटाच्या बैठकीत मसाला, लोणचं, पापड यांच्यावर चर्चा रंगते. पण पाकिटावर नाव काय छापायचं आणि ते कुणाच्या नावावर नोंदवायचं, असं विचारलं की सगळ्या गप्प. म्हणून आज एका नावाचा इतिहास सांगते. ते नाव म्हणजे ‘लिज्जत’.

१५ मार्च १९५९. मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती बायकांनी पापड लाटायला घेतले. भांडवल ८० रुपये, तेही छगनलाल पारेख यांच्याकडून उसने घेतलेले. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करत, एक चांगला आणि एक स्वस्तातला. पारेखांनी सांगितलं, प्रत एकच ठेवा, तीही उत्तम. आणि हिशेब चोख ठेवा.

नाव ठरलं तीन वर्षांनी, १९६२ मध्ये. त्यासाठी स्पर्धा ठेवली, बक्षीस पाच रुपये. त्यातून ‘लिज्जत’ निवडलं गेलं. आपल्या मराठीतल्या ‘लज्जत’चंच हे गुजराती रूप. म्हणजे आधी चव पक्की झाली, गिऱ्हाईक जोडलं गेलं, मग नाव आलं.

पुढे १९६६ मध्ये १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’ ही संस्था नोंदली गेली. तिथे पापड लाटणारी प्रत्येक बाई ‘बहीण’ आणि सहमालकीण. आता विचार करा, ते नाव सातांपैकी एकीच्याच नावावर असतं तर? तिच्या मुलाबाळांनी उद्या हक्क सांगितला असता, तर बाकीच्यांच्या हाती फक्त लाटणं उरलं असतं.

आपल्याकडे नेमकी हीच गल्लत होते. कुणी म्हणतं, आमचं ‘उद्यम’ प्रमाणपत्र आहे, अन्न परवान्याचा नंबरही आहे, म्हणजे नाव आमचंच. तसं नसतं, बायांनो. ‘उद्यम’मुळे तुमचा उद्योग सरकारदरबारी नोंदला जातो. अन्न नोंदणीमुळे खाद्यपदार्थ विकायची परवानगी मिळते. नावावरचा हक्क नोंदवायचा तर ट्रेडमार्कचा अर्ज वेगळा करावा लागतो. आपल्या देशात त्यासाठी पहिला कायदा १९४० चा, मग १९५८ चा, आणि आज चालतो तो १९९९ चा. नोंदणी दहा वर्षांची असते, नंतर नूतनीकरण करता येतं. पापड, मसाले तिसाव्या वर्गात येतात.

अर्जाआधी ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर नाव शोधून पाहा, ते कुणी घेतलंय का. ‘चविष्ट पापड’ असं नुसतं वर्णन करणारं नाव नोंदवून मिळणं अवघड, कारण ते शब्द सगळ्यांनाच लागतात. नोंदणीआधी नावाशेजारी ‘टीएम’ छापता येतं. गोलातला ‘आर’ मात्र नोंदणी झाल्यावरच. त्याआधी छापणं बेकायदा आहे. आणि पहिल्या विक्रीची बिलं जपून ठेवा. हे नाव आम्ही कधीपासून वापरतो, हे दाखवायची वेळ आली तर तीच कामी येतात.

सगळ्यात महत्त्वाचं, अर्जदार कोण? बऱ्याचदा जिला फॉर्म भरता येतो तिच्याच नावाने अर्ज जातो. त्यात तिचा काही वाईट हेतू नसतो, पण कागद तिला मालकीण करतो. अर्जात एकाहून जास्त मालक लिहिता येतात. गटाची नोंदणीकृत संस्था किंवा कंपनी असेल तर तिच्या नावाने अर्ज करता येतो. पुढच्या बैठकीत हे ठरवा, ठराव वहीत लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या, अंगठे घ्या. पाकिटाची छपाई त्यानंतर.