आठ तास कातणाऱ्या बाईचा चरखा

आर्वीचा कापूस एकेकाळी नॅरोगेजच्या गाडीने पुलगावला उतरायचा आणि तिथून मुंबईच्या वाटेला लागायचा. १९१७ साली टाकलेली ही पस्तीसेक किलोमीटरची लाइन कापसासाठीच होती. हाच कापूस घरी कातला तर कातणारीच्या खांद्याला, मनगटाला किती पडतं, हा प्रश्न तेव्हा कोणाच्या हिशेबात नव्हता.

तो हिशेबात आला १९२९ साली. अखिल भारतीय चरखा संघाने नव्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. त्याच्या अटी मी पुन्हा पुन्हा वाचते. चरखा हलका हवा, सहज उचलून नेता यावा, साध्या खेड्यातल्या घरात हाताने किंवा पायाने चालावा. बाईला तो आठ तास फारसं न थकता चालवता यावा. तेवढ्या वेळात १२ ते २० नंबरचं १६,००० फूट सूत निघावं. किंमत दीडशेच्या आत, आयुष्य वीस वर्षांचं. वापरणाऱ्या माणसाचं शरीर, घर आणि ऐपत आधी, यंत्र मागाहून! यंत्र माणसाच्या शरीराला जुळवून घेण्याचं शास्त्र म्हणजे 'एर्गोनॉमिक्स'; ब्रिटनमध्ये त्याच्या संशोधकांची संस्था उभी राहिली ती १९४९ मध्ये. आपल्याकडच्या या विचाराची कुळकथा सांगायची तर ती या अटींपासूनच सुरू करावी, असं मला ठामपणे वाटतं.

बक्षीस कोणालाच मिळालं नाही. किर्लोस्करवाडीहूनही यंत्र आलं होतं, पण तेही कसोटीला उतरलं नाही. खरी सुधारणा झाली ती गरजेपोटी, आणि त्यातली मोठी तुरुंगात.

जुना चरखा उभा. मोठं चाक, चाकावरून चातीपर्यंत ताणलेली माळ. उजव्या हाताने चाक फिरवायचं, डाव्या हाताने पुणीतून धागा ओढत हात मागे न्यायचा, पुरता लांबला की चाक जरासं उलटं फिरवून धागा चातीवर गुंडाळायचा. चाक लहान केलं तर चातीचा वेग पडतो, मोठं ठेवलं तर कोठडीत मावत नाही. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी यावरच डोकं चालवलं. येरवडा चरख्यात दोन चाकं पेटीत आडवी बसवलेली असतात. मोठं चाक धाकट्याला फिरवतं, धाकटं चातीला, म्हणजे वेग दोन टप्प्यांत वाढतो. चाक आडवं असल्याने मूठ मांडीजवळ खालीच फिरते आणि खांदा उचलावा लागत नाही. काम झालं की पेटी मिटायची नि काखेत मारायची.

१९३२ मध्ये येरवड्यातच गांधीजींचं कोपर दुखू लागलं. हाताला विश्रांती द्या, असं डॉक्टरांचं म्हणणं. कातणं सोडायचं नव्हतं म्हणून ते पायाने चालणाऱ्या मगन चरख्याकडे वळले. प्रभुदास गांधींनी केलेल्या या चरख्याला दोन चात्या. पाय चाक सांभाळतो, त्यामुळे दोन्ही हात धाग्याला मोकळे. गांधीजींनी मात्र दुखरा हात बाजूला ठेवला आणि एकाच हाताने सूत काढलं. एका दुखऱ्या कोपराने यंत्र कसं निवडायचं ते ठरवलं, ही गोष्ट मला एक लाखाच्या जाहिरातीहून मोठी वाटते.

या चरख्याला ज्यांचं नाव दिलं त्या मगनलाल गांधींचं नाव पुढे वर्ध्याला मगनवाडीत आणि ३० डिसेंबर १९३८ ला उघडलेल्या मगन संग्रहालयात आलं. आर्वीहून वर्ध्याला कामानिमित्त जाणाऱ्यांनी तिथले चरखे वाकून पाहावेत. मूठ कुठे आहे, चाती जमिनीपासून किती उंच आहे आणि बसणारीचा गुडघा कुठे येणार, एवढं तरी पाहावं.

१९५० च्या दशकात अंबर चरखा पसरला. चात्या वाढल्या, सूतही वाढलं, पण दांडा फिरवायला जोर जास्त लागू लागला. मग विजेच्या मोटारी आल्या, नंतर सौरऊर्जेवरचे चरखे आले. आता त्या चरख्यांवर बाईचा हात मुख्यतः तुटलेला धागा जोडण्यापुरता लागतो. शेतात कापूस वेचणारी बाई मात्र अजून तशीच वाकलेली आहे. तिच्या आठ तासांसाठी असं बक्षीस आजवर कोणी जाहीर केल्याचं माझ्या ऐकिवात नाही.