चाळीस वर्षं थांबलेलं पुस्तक

चौलला आमच्या घरी, बाबांच्या खाटेखाली तीन खोके आहेत. त्यांत माझ्या पुस्तकाच्या २३९ प्रती आहेत. छापल्या होत्या ३००. विषय: अष्टागरातल्या वाड्यांमधल्या विहिरी आणि त्यांच्यावरचे रहाट. (हसा. आईही हसली होती.)

पोटापाण्यासाठी मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. त्यामुळे पुस्तक खपेना तेव्हा ते एखाद्या बगसारखं सोडवायला घेतलं. रील केल्या, जाहिरातीवर पैसे घातले, लिंकवर किती जणांनी टिचकी मारली त्याचा तक्ता केला. चार महिने रोज रात्री तो तक्ता बघत बसलो. दुसऱ्या पुस्तकासाठी आणलेली वही त्या चार महिन्यांत एकदाही उघडली नाही.

दिवाळीत अलिबागच्या एका दुकानात पाच प्रती ठेवायला गेलो. दुकानदार म्हणाले, "ठेवा, पण परत न्यायला आठवणीने या." तिथून निघालो आणि पाय इस्रायल आळीकडे वळले. अलिबागकराला या नावाचं काही वाटत नाही, लहानपणापासून ऐकलेलं असतं. त्या दिवशी पहिल्यांदा मनात आलं, की या लोकांनीही पुस्तकं लिहिली असणार. ती कोणाला विकली असतील?

बेने इस्रायलांची परंपरा सांगते, की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचं जहाज फुटलं आणि सात जोडपी वाचली. पुढे ते किनाऱ्यावरच्या गावागावांत पसरले, तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून नाव पडलं शनिवार तेली. आडनावं गावांची, भाषा मराठी. एकोणिसाव्या शतकात हा समाज होता जेमतेम काही हजारांचा. त्यातले वाचता येणारे किती, आणि पुस्तक विकत घेणारे किती? माझ्या विहिरींना यापेक्षा मोठी बाजारपेठ आहे.

आणि तरीही त्यांनी भरपूर छापलं. वल्हांडणाच्या रात्री घरोघर वाचायचा ग्रंथ म्हणजे हग्गादा. तो मराठी भाषांतरासह मुंबईत १८४६ साली निघाला. १८७४ साली पुण्यात दुसरा निघाला. तो काढणारे दोघे तळेकर, म्हणजे आपल्या तळ्याचे. त्यातल्या चित्रांत साड्या नेसलेल्या बायका सणाची बेखमीर भाकरी करताना दिसतात. जोसेफ इझिकिएल राजपूरकर (१८३४–१९०५) मुंबईच्या डेव्हिड ससून शाळेचे मुख्याध्यापक. त्यांनी वीसहून जास्त पुस्तकं मराठीत आणली, बरीचशी प्रार्थनांची. १८८० पासून तर या समाजात कीर्तनं सुरू झाली. बायबलातल्या कथा, आपल्या चाली, आणि आख्यानांच्या छापील पुस्तिका.

या पुस्तकांना एक सोय होती, जी माझ्या तक्त्यात कुठेच नव्हती. त्यांना तारीख होती. वल्हांडण दर वर्षी येतो आणि त्या रात्री ते पुस्तक हातात लागतंच. वाचक शोधायला जावं लागत नाही, तो पाटावर येऊन बसलेला असतो.

हाईम सॅम्युअल केहीमकरांचं गणित वेगळं होतं. केहीमकर म्हणजे आपल्या किहीमचे. जन्म १८३०चा. माणूस विकण्यात कच्चा होता असं अजिबात नाही. १८७५ साली त्यांनी मुंबईत समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली, तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा झाली. १८९२ साली समाजाच्या इतिहासाची एक छोटी रूपरेषा इंग्रजीत छापली, आणि तिच्या शीर्षकातच शिक्षणासाठी मदतीचं आवाहन घातलं. आज आपण पोस्टच्या शेवटी 'कॉल टू अ‍ॅक्शन' टाकतो, यांनी थेट मुखपृष्ठावर टाकला. फक्त ते जे विकत होते ते पुस्तक नव्हतं, शाळा होती.

मग त्यांनी मोठा इतिहास लिहिला. चालीरीती, सण, घराणी, फौजेत नाव काढलेली माणसं, सगळं त्यात आहे. हस्तलिखित १८९७ साली तयार झालं. हेही इंग्रजीत. मला वाटतं, त्यांना पटवायचं होतं बाहेरच्यांना. मुंबईतल्या बगदादी ज्यूंपैकी अनेकांना हे तेली खरे ज्यू आहेत का, अशी शंका होती. म्हणजे वाचक परका, लांबचा आणि वर संशयी. त्याने पुस्तक मागितलेलंही नव्हतं. राजपूरकरांचा वाचक पाटावर बसला होता, केहीमकरांचा अजून दारातही आला नव्हता.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात केहीमकर गेले. पुस्तक छापलेलं त्यांनी पाहिलं नाही. १९३६ साली इमॅन्युएल ओल्सवँगर हे झायोनिस्ट चळवळीतले गृहस्थ भारतात आले, आणि १९३७ साली त्यांच्या संपादनाखाली ते तेल अवीवमध्ये छापलं गेलं. चाळीस वर्षांनी! आज बेने इस्रायलांवर कोणीही लिहायला बसलं, की सुरुवात या पुस्तकापासून करावी लागते.

हे वाचून मला धीर आला असं म्हणणं खोटं होईल. मी सत्तावीस वर्षांचा आहे. चाळीस वर्षांनी मला शोधत कोणी ओल्सवँगर येईल, या भरवशावर बाबांची खाट अडवून ठेवायची का?

जाहिरात मात्र बंद केली. पुस्तकातल्या फक्त चौल-भोवाळ्याच्या विहिरी वेगळ्या काढून सोळा पानांची पुस्तिका केली, किंमत वीस रुपये. मार्गशीर्षात भोवाळ्याला दत्ताची यात्रा असते, मुंबईला गेलेले गावकरी तिला हमखास येतात. पायऱ्यांच्या खाली, खेळण्यांच्या दुकानाशेजारी चादर अंथरून बसलो. कॉलेजचा मित्र दिसला तेव्हा मोबाइलमध्ये तोंड घातलं, हेही सांगून टाकतो.

पहिल्या संध्याकाळी चौतीस गेल्या. एका आजोबांनी उभ्याउभ्याच पुस्तिका चाळली. "कोणाचा रे तू?" मी सांगितलं. "मग तुला कळायला हवं होतं. ही विहीर आमची, पण हा रहाट शेजारच्यांचा. फोटो चुकलाय."

मुंबईच्या मुलांसाठी म्हणून त्यांनी तीन प्रती घेतल्या आणि त्यांचा रहाट कधी, कसा मोडला ते सांगत तिथेच बसले. वही पिशवीत होती. काढली आणि लिहून घेऊ लागलो.