तळटीप : समुद्रात हरवलेला खलाशी

१४. दुसऱ्या महायुद्धात बुडालेल्या व्यापारी जहाजांवरील हिंदी खलाशाला कबर नसते. असते ती नोंद. कॉमनवेल्थ युद्धकबर आयोगाच्या स्मरणवहीत अशी सुमारे ६,००० नावे आहेत. तिची एक प्रत मुंबईत मस्जिद बंदरजवळच्या खलाशीगृहात आणि दुसरी चितगावला ठेवलेली आहे. आयोगाच्या संकेतस्थळावर ही नावे जालन्यात बसूनही पाहता येतात.

शोध मात्र नावावरून सुरू करणे फसवे ठरते. कारकुनाने ऐकले तसे रोमन लिपीत लिहिले. त्यामुळे कोकणातले एकच नाव तीन-चार रूपांत सापडते, आडनाव तर बऱ्याचदा गळालेलेच असते. सारंग (खलाशांचा मुकादम) आपल्याच गावचे, नात्यातले लोक भरती करी. म्हणून एकाच जहाजावर सारख्या नावांची माणसे असणे नवल नव्हे. जहाजाचे नाव आणि ते बुडाल्याची तारीख हा त्याहून भक्कम धागा. लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात जहाजांच्या युद्धकालीन हालचालींची कार्डे (बीटी ३८९) आहेत. घरात खलाशाची जुनी सीडीसी (नोकरीची नोंदवही) उरली असेल, तर काम निम्मे झाले.

उदाहरणार्थ, गेरसोप्प्याच्या धबधब्याच्या नावाचे ‘गेरसोप्पा’ हे जहाज फेब्रुवारी १९४१ मध्ये आयर्लंडच्या नैर्ऋत्येस जर्मन पाणबुडीने बुडवले. त्यावर बहुतांश खलाशी हिंदी होते. ८६ जणांपैकी एकच वाचला, तो ब्रिटिश अधिकारी. २०११ मध्ये हे जहाज सुमारे ४,७०० मीटर खोलीवर सापडले. शोधमोहीम त्यातल्या चांदीसाठी होती.