हरलेला डाव, टिकलेला हल्ला

ऑक्टोबर १९१८ मध्ये न्यूयॉर्कच्या बुद्धिबळ स्पर्धेत फ्रँक मार्शल काळी मोहरी घेऊन क्यूबाच्या कापाब्लांकासमोर बसला. १९०९ च्या सामन्यात याच प्रतिस्पर्ध्याने त्याला एकाविरुद्ध आठ डावांनी नमविले होते. आठव्या खेळीस मार्शलने मध्यावरचे प्यादे पणास लावून पांढऱ्या राजावर हल्ल्याची वाट मोकळी केली. पुढचा धोका ओळखूनही कापाब्लांकाने प्यादे स्वीकारले, पटावरच एकेक बचाव शोधला आणि ३६ खेळ्यांत डाव जिंकला. मार्शल हरला; त्याची कल्पना हरली नाही. पुढे अकराव्या खेळीस घोड्याऐवजी प्यादे सरकवून ती अधिक बळकट करण्यात आली. १९६५ साली तिबिलिसी येथे स्पास्कीने तालविरुद्ध हेच शस्त्र उपसले. विजय कापाब्लांकाचा; हल्ल्याला नाव मात्र पराभूत मार्शलचेच राहिले.