बूट काढा, घाट चढायचाय

बूट काढून ठेवा. गुलामाला बूट नसतात. मोबाइलही राहू द्या, 1585च्या सुमाराला त्याला रेंज कुठली? तुम्ही उभे आहात ते आजच्या जुन्या गोव्यात, रुआ दिरैता या हमरस्त्यावर.

आधी वास अंगावर येतो. घोड्यांची लीद, चर्चमधला धूप, मांडवीवरून येणारा खारट दमटपणा आणि या सगळ्यावर माणसांचा घाम. लिलाव सकाळीच उरकतात, ऊन चढायच्या आत. दलाल गळ्यात सोन्याच्या साखळ्या अडकवून घसा ताणत फिरताहेत. अरबी घोडे विकायला आहेत, गालिचे आहेत, चिनी भांडी आहेत. त्यांच्याच शेजारी मोझांबिकच्या किनाऱ्यावरून जहाजात कोंबून आणलेली माणसं आहेत, आणि त्यांत तुम्ही. कुणीतरी तुमचा दंड दाबतो, दात बघतो, भाव पाडून मागतो. गर्दीत आर्चबिशपचा डच चिटणीस लिन्शोटेनही असेल. इथे माणसं जनावरांसारखी विकतात, हे तो पुढे पुस्तकात लिहिणार आहे. तुम्हाला सोडवणार मात्र नाही.

विकले गेलात! आता खांद्यावर घडा. शहरात प्यायचं पाणी येतं बायंगिणीच्या झऱ्यावरून, आणि ते आणून दारोदार विकायचं काम गुलामांचं. पैसे मालकाचे, फोड तुमच्या खांद्याला. वाटेत एक साहेब जातो, डोक्यावर छत्री. ती धरणारा हात त्याचा नाही, दुसऱ्या गुलामाचा. रस्त्याच्या कडेला गुलाम बायका मुरांबे आणि मिठाई विकताहेत. साखरेचा तो गोड वास भरल्या पोटी कदाचित आवडला असता.

रात्री पळायचं ठरतं. पण हे शहर बेटावर आहे. पैलतीरी जाण्याच्या नाक्यांवर पहारा असतो. पलीकडे जाणाऱ्या स्थानिकांच्याही उघड्या दंडावर शिक्का मारतात आणि परतताना तो तपासतात. तुमच्या दंडावर शिक्का नाही, म्हणजे पाण्यातूनच जायचं. कुंभारजुव्याच्या खाडीत उतरताना चिखल गुडघ्यापर्यंत चढतो. खाडीत मगरी आहेत, त्या आजही आहेत. पळणाऱ्यांना अडवायला त्या मुद्दाम सोडल्या, असं लोक सांगत आले. खरं-खोटं आत्ता कोण विचारतंय? हात मारा!

पुढे चढण. करवंदीची जाळी पोटऱ्या ओरबाडते, जळवा बोटांच्या बेचक्यांत चिकटतात. पावसाने रान गच्च भिजलंय, बांबू करकरतोय, आणि तुम्हाला प्रत्येक आवाज मालकाच्या माणसांचा वाटतो. अमेरिकेत यादवीच्या आधी गुलाम ओहायो नदी ओलांडून उत्तरेला पळायचे. इकडच्यांची ओहायो म्हणजे हा सह्याद्री. उभी, निसरडी.

घाटमाथा ओलांडून सुप्याच्या मुलखात, काळी नदीच्या रानात पोचलात की अंगातलं बळ संपतं. इथे शिक्का विचारणारा कुणी नाही. त्याची जागा वाघाने आणि भुकेने घेतलीय. खायला काय? जमिनीतून उकरलेला कंद, कपारीतला मध. कोणता कंद भाजून खायचा आणि कोणत्याने घसा खाजतो, हे रानातल्यांकडून शिकावं लागतं. थंडीत जुन्या चिंध्या एकमेकींना जोडून पांघरायच्या.

आता परत या, बूट घाला. अशा पळून आलेल्यांची आणि गोव्याहून या भागात आलेल्या इतर आफ्रिकी गुलामांची लेकरं म्हणजे उत्तर कन्नडचे सिद्दी. यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड, अंकोला, जोयडा इथल्या रानांकडेला ते राहतात. कोंकणी बोलतात, त्यात मराठी आणि कन्नड मिसळलेली असते. चिंध्यांची गोधडी बायका अजून शिवतात, तिला कवंदी म्हणतात. त्यांचं दमामी हे ढोलवाद्य एकदा जवळून ऐकाच, बरगड्यांत वाजतं. घाटाखाली पोर्तुगिजांनी गुलामगिरी कायद्याने बंद करायला 1869 उजाडलं. आणि इथल्या सिद्दींना अनुसूचित जमातीच्या यादीत जागा मिळाली ती थेट 2003 साली.