नाव राहिलेले गाव

मुळशी म्हटले की आज धरण आठवते, पावसाळी सहल आठवते. जुन्या माणसांना मात्र गावे आठवत. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी इथली घरे, देवळे, भातखाचरे पाण्याखाली जाणार म्हणून १९२१ साली सत्याग्रह उभा राहिला. पांडुरंग महादेव बापट याच लढ्यात 'सेनापती' झाले. लढा हरला, गावे बुडाली. तालुक्याची कचेरी पौडला आहे; तालुक्याला नाव राहिले ते मुळशीचेच.

नाव मागे उरण्याची अशीच एक कथा इटलीची आहे आणि ती थेट उंदराच्या जनुकापर्यंत जाते.

१९०१ साली जर्मनीत फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात ऑगस्ट डेटर नावाची पन्नाशीतली बाई दाखल झाली. तिला स्वतःचे नाव लिहिता येईना. तिला तपासणारे डॉक्टर अलॉइस अल्झायमर. त्यांचेच नाव पुढे या विस्मृतीच्या रोगाला मिळाले. बहुतेकांना तो म्हातारपणी गाठतो. पण दक्षिण इटलीतल्या कालाब्रिया प्रांतात, निकास्त्रो गावाशी नाते असलेल्या एका मोठ्या कुळात तो पिढ्यान् पिढ्या ऐन चाळिशीत येत असे. त्याच भागातल्या डॉक्टर अमालिया ब्रूनी यांनी या कुळाचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. २००० साली टोरांटोच्या संशोधकांना एक नवे प्रथिन सापडले, तेव्हा त्यांनी त्या गावावरून त्याचे नाव ठेवले निकास्ट्रिन. गंमत अशी की शेजारच्या गावांत विलीन होऊन निकास्त्रो १९६८ सालीच लामेझिया तेर्मे झाले होते.

हे निकास्ट्रिन करते काय? पेशीच्या पटलात चार प्रथिनांची मिळून एक कात्री असते. तिला गॅमा सिक्रिटेज म्हणतात. त्यात प्रिसेनिलिन हे पाते, तर निकास्ट्रिन जणू दारावरचा राखणदार. या कात्रीने कापलेले काही तुकडे मेंदूत साचतात आणि त्यांचा संबंध अल्झायमरशी जोडला जातो. मग कात्रीच बंद केली तर? उंदरातला निकास्ट्रिनचा जनुक काढून पाहिला, तर पिल्ले गर्भातच मेली. शरीर घडवणारे संदेशही हीच कात्री कापून देते. माणसांवरही कात्री रोखणाऱ्या एका औषधाची मोठी चाचणी झाली. रुग्णांची बुद्धी सुधारण्याऐवजी ढासळू लागली आणि २०१० साली ती थांबवावी लागली.

म्हणजे जे तोडते तेच घडवतेही. मुळशीच्या पाण्याने मुंबईला वीज दिली आणि त्याच पाण्याने खोरे बुडवले. कवी म्हणून मला यातली नावे अधिक अस्वस्थ करतात. निकास्त्रोचे नाव, ते गाव कधीही न पाहिलेल्या शास्त्रज्ञांच्या तोंडी रोज येते, तेही एका कुळाच्या दुःखामुळे. आमच्या खोऱ्यातल्या बुडालेल्या वाड्यांची, शेतांची, पाणवठ्यांची नावे कोण घेणार? धरणाला शंभर वर्षे होत आली. ती गावे पाहिलेली माणसे गेली. त्यांच्याकडून ऐकलेली माणसेही आता थकली आहेत. त्यांच्यापाशी वही घेऊन बसायला प्रयोगशाळा लागत नाही. ती आठवतात तोवर बसले पाहिजे.