मयूरशिखा (नेचा)

मयूरशिखा (शास्त्रीय नाव: ॲक्टिनिऑप्टेरिस रेडिएटा, कुळ: टेरिडेसी) ही खडकांच्या व जुन्या भिंतींच्या भेगांत वाढणारी नेचा गटातील लहान, बहुवर्षायू वनस्पती आहे. तिला मोरशिखा व भुईताड अशीही नावे आहेत. नेचे केवळ ओलसर सावलीत वाढतात, असा सर्वसाधारण समज आहे. ही जाती मात्र उन्हाने तापणाऱ्या, कोरड्या जागी तग धरते. आफ्रिका, अरबस्तान, भारत व श्रीलंका येथे तिचा आढळ आहे.

वर्णन

वनस्पतीची उंची साधारणतः २५ सेंमी.पर्यंत असते. आखूड मूलक्षोडापासून निघणाऱ्या देठांवर पंख्यासारखी पाने येतात. पाते पुन्हापुन्हा दुभंगून अरुंद पट्ट्यांत विभागलेले असल्याने रोप ताडाच्या लहानशा झाडासारखे दिसते. बीजाणुधानी पट्ट्यांच्या खालच्या बाजूस, आत वळलेल्या कडांखाली असतात. प्रजातीच्या नावाचा ग्रीक भाषेतील अर्थ ‘किरणांसारखा नेचा’ असा आहे.

अधिवास

महाराष्ट्रात ही जाती दख्खनच्या पठारावरील कोरड्या भागांतही आढळते. हिंगोली जिल्हा (स्थापना: १ मे १९९९) याच पठारावर आहे. औंढा नागनाथ परिसरातील टेकड्यांसारख्या बेसाल्टच्या भूभागात खडकांच्या भेगांत थोडी माती साचते व पावसाळ्यात ओल टिकते. अशा भेगा हा या नेच्याचा नैसर्गिक अधिवास होय. चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंतींच्या सांध्यांतही तो रुजतो.

पावसाळा संपल्यावर पाने आक्रसून मिटतात व वाळल्यासारखी दिसतात. पाणी मिळताच ती पुन्हा उलगडून हिरवी होतात. प्रजननासाठी मात्र पाणी अनिवार्य आहे. बीजाणूपासून तयार होणाऱ्या पातळ, हिरव्या चकतीवर शुक्राणू पाण्याच्या थरातून पोहत अंडपेशीपर्यंत जातात. त्यामुळे नवी रोपे तयार होणे भेगेतील ओलीवर अवलंबून असते.

औषधी उपयोग

ही वनस्पती पारंपरिक औषधांत वापरली जाते. तथापि आयुर्वेदीय ग्रंथांतील ‘मयूरशिखा’ म्हणजे नेमकी कोणती वनस्पती, याविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक कोंबडा (सिलोसिया क्रिस्टाटा) या फुलझाडास ते नाव देतात. म्हणून केवळ स्थानिक नावावरून वनस्पतीची ओळख ठरवणे योग्य नाही.

संवर्धन

खडक फोडणे, औषधासाठी रोपे मुळासकट उपटणे आणि जुन्या भिंतींचे सांधे सिमेंटने बुजवणे यांमुळे या नेच्याचा अधिवास नष्ट होतो. कोरडेपणा सहन करणारी ही वनस्पती भेग बुजल्यानंतर त्या जागी पुन्हा रुजू शकत नाही.